बाबांना बारा मिनिटं

ओरेस्तच्या दिवाणखान्यात वूडूला, म्हणजे ढोल वाजवून देव अंगात आणणाऱ्या गावाकडच्या धर्माला, मानाची जागा होती. साडेतीन फूट रुंद चित्र, सोनेरी चौकट, वर पितळेचा दिवा. चित्रात एक मांबो, म्हणजे देवांची सेवा करणारी बाई, हातात खुळखुळा घेऊन उभी होती. चित्रकाराने तिच्या डोळ्यांत एवढं तेज भरलं होतं की येणारा प्रत्येक पाहुणा दोन मिनिटं तरी तिच्यासमोर गप्प उभा राहायचा. मग तो ओरेस्तकडे वळून म्हणायचा, "हाच आपल्या देशाचा आत्मा, प्रोफेसर!" आणि ओरेस्त मान डोलवायचा.

खरी मांबो त्या रविवारी मागच्या ओट्यावर, स्वयंपाकघराच्या दाराशी बसून केळी सोलत होती. ती ओरेस्तची आई, सिलियाना.

"आईंना तिथे मोकळं वाटतं," असं ओरेस्तच्या बायकोने, एरमांसने, सकाळीच जाहीर करून टाकलं होतं. आईंना कोणी विचारलं नव्हतं. एरमांसच्या माहेरी तीन पिढ्या फ्रेंचमध्येच शिंकत आल्या होत्या. सासू गावाहून, लेओगानहून, ट्रकच्या मागे कोळशाच्या पोत्यांवर बसून येते, आल्या आल्या चपला काढते आणि प्रोफेसर ओरेस्त बेलिझेर यांना "ए तिरेस" अशी हाक मारते, ह्या सगळ्याची तिला आता सवय झाली होती. सवय म्हणजे ती त्या वेळी वरच्या मजल्यावर असायची.

निमित्त मोठं होतं. राजधानी पोर्तोप्रँसला दोनशे वर्षं झाली म्हणून समुद्राकाठी प्रदर्शन भरलं होतं. कारंजी होती, रंगीत दिवे होते, परदेशी पाहुणे होते. आठ वर्षांपूर्वी पाद्री आणि पोलीस हातात हात घालून गावोगावचे ढोल जाळत फिरले होते; आता त्याच ढोलांचा आवाज ऐकायला या म्हणून पाहुण्यांना छापील निमंत्रणं जात होती. कायदा मात्र बदलला नव्हता. विधी केला तर तुरुंग, विधीचा देखावा केला तर टाळ्या.

तर दुपारी चार वाजता नव्या खुल्या नाट्यगृहात लोकनृत्य मंडळाचा खेळ होता. उपमंत्री येणार होते. प्रमुख नर्तकी होती ओरेस्तची धाकटी बहीण व्हेलिना. ढोलावर होता मधला भाऊ दोर्सेली. 'पारंपरिक सल्लागार' म्हणून आई होती आणि कार्यक्रमपत्रिका लिहिली होती खुद्द ओरेस्तने. एका खेळात एका घरची चार माणसं, आणि तरी ही माणसं एकमेकांची कोणी लागतात असं पत्रिकेत कुठेही कळत नव्हतं. ती काळजी ओरेस्तने जातीने घेतली होती.

जेवायला सगळे एका टेबलाशी बसले, कारण आईला ओट्यावर वाढायचं म्हटल्यावर दोर्सेलीने आपलंही ताट उचललं, मग व्हेलिनाने उचललं, आणि जेवणाच्या खोलीत प्रोफेसर आणि त्यांची बायको असे दोघेच उरायची वेळ आली. काळ्या अळंबीचा भात होता, तळलेलं डुकराचं मटण होतं, चेपून तळलेली केळी होती आणि मिरचीने डोळ्यांत पाणी आणणारं कोबीचं लोणचं होतं. ओरेस्तने पत्रिका काढून वाचायला सुरुवात केली. त्याला स्वतःचं लिखाण मोठ्याने वाचायला आवडायचं, आणि घरच्यांना ते पाठ होईपर्यंत ऐकावं लागायचं.

"प्रवेश तिसरा," तो म्हणाला. "'पाण्याखालून परत'. मृत्यूनंतर एक वर्ष आणि एक दिवस आत्मा पाण्याखाली राहतो, अशी आपल्या ग्रामीण जनतेची काव्यमय कल्पना. त्याला बाहेर काढून मडक्यात बसवण्याच्या लोकविधीचं कलात्मक दर्शन. अवधी बारा मिनिटं."

"बारा?" आई म्हणाली. "बारा मिनिटं पुरायची नाहीत रे त्यांना. त्यांना नुसतं खाकरायलाच पाच लागायची."

ओरेस्तचा काटा भातात तसाच राहिला. "कोणाला?"

"तुझ्या बाबांना."

दोर्सेलीने लोणच्याची बरणी पुढे ओढली. व्हेलिना ताटात बघायला लागली. त्यावरून ओरेस्तच्या लक्षात आलं की ही बातमी ह्या टेबलावर फक्त त्यालाच नवी आहे.

"आई," तो अगदी सौम्यपणे म्हणाला. विद्यार्थी नापास करताना तो हाच आवाज वापरायचा. "ते नाटक आहे. मडकं रिकामं असणार आहे. पडद्यामागे मंडळातली एक बाई बोलेल, संवाद मी लिहून दिलेत."

"वाचले मी तुझे संवाद. म्हणजे व्हेलिनाने वाचून दाखवले. 'हे वत्सांनो, मी अतलातून आलो आहे.' तुझे बाबा असं बोलायचे?"

"ते बाबा नाहीयेत!"

"आज आहेत," आई म्हणाली. "मडकं मी आणलंय. पांढरं फडकं आणलंय. आपला ढोल तुझ्या संग्रहालयातून सकाळीच नाट्यगृहात पोचलाय, तुझ्याच सहीने. चौदा महिने झाले त्यांना पाण्याखाली जाऊन. मेल्या माणसाला थंडी वाजते, तिरेस, आणि त्यांना जिवंतपणीही गार पाणी सोसत नसे."

"मग गावी करा ना!"

"करायला घेतलं की गेल्या महिन्यात," दोर्सेली म्हणाला. त्याचं बोलणं नेहमी तोंडात घास असतानाच सुरू व्हायचं. "पाण्याचा टब ठेवला, चादर बांधली आणि आला आपला शिपाई. मी म्हटलं, अरे माझा मोठा भाऊ ह्याच्यावर पुस्तकं लिहितो. तर म्हणतो, लिहायला बंदी नाहीये, करायला आहे. दोन दिवस आत होतो मी. तिथे उंदीर होते, दादा. तुझ्या पुस्तकात उंदरांचा उल्लेख नाहीये कुठे."

"म्हणून मीच म्हटलं," आई म्हणाली, "तिकीट लावलं की चालतं ना? मग तिकीट लावून करू."

ह्यावर खरं तर उत्तर नव्हतं. पण ओरेस्तने देशोदेशीच्या परिषदांमध्ये उत्तर नसलेल्या प्रश्नांना उत्तरं दिली होती. तो म्हणाला की ढोल ही संग्रहालयाची नोंदणीकृत वस्तू आहे, आगीतून ती त्याने स्वतः वाचवली आहे, तिच्यावर रम, पीठ, रक्त असलं काहीही सांडता कामा नये. आधीच त्या लाकडाला गेल्या काही वर्षांपासून एक विचित्र ओल येते.

"कसली ओल?" दोर्सेलीने विचारलं.

"एक तपकिरी द्रव पाझरतो. महिन्यातून एकदा. मी त्याच्यावर टिपण लिहिलंय. पुरातन लाकडातल्या विधिजन्य अवशेषांचं..."

दोर्सेली हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला आणि व्हेलिनाला त्याच्या पाठीत धपाटे घालावे लागले.

"अरे दादा, ती रम आहे रे! दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मी तिकीट काढून येतो आणि तुझ्या त्या काचेच्या फटीतून ढोलाला पाजून जातो. मग काय उपाशी ठेवू त्याला? तुझा पहारेकरी दाराशी घोरत असतो. टिपण छापून आलं का?"

टिपण दोन भाषांत छापून आलं होतं. ओरेस्त पाणी प्यायला.

व्हेलिनाने रुमाल खाली ठेवला. "आई, दादाचं एक बरोबर आहे. मे महिन्यात मंडळाचा परदेश दौरा आहे. उपमंत्र्यांनी नको म्हटलं तर संपलं. सात वर्षं मी ह्यासाठी पाय झिजवलेत. स्टेजवर काही भलतंच झालं तर?"

"बघ!" ओरेस्त म्हणाला. बहिणीने आपली बाजू घेतल्याचा प्रसंग इतका दुर्मिळ होता की त्याला जरा जास्तच आनंद झाला, आणि त्या आनंदात तो एक वाक्य जास्त बोलून गेला. "शिवाय मी बाबांचा आदरच करतो. माझ्या ग्रंथात त्यांना मी एक आख्खं प्रकरण दिलंय."

व्हेलिनाने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला ते वाक्य परत गिळावंसं वाटलं.

"दिलंयस," ती म्हणाली. "'माहीतगार क्रमांक सात. निरक्षर. वय अंदाजे साठ. स्वभावाने भाबडा, परंतु स्मरणशक्ती उत्तम.' हेच ना ते प्रकरण?"



"तुझं पुस्तक आलं तेव्हा बाबा दोन कोस चालत माझ्याकडे आले होते," व्हेलिना म्हणाली. तिचा आवाज चढत चालला होता. "म्हणाले, तिरेसने माझ्यावर लिहिलंय, वाच. मी वाचलं. म्हणजे पान उघडलं आणि मनाला येईल ते बोलत गेले. 'माझे वडील मेरिझ्ये बेलिझेर, लेओगानच्या पंचक्रोशीतले सगळ्यांत जाणते गृहस्थ, ज्यांच्याकडून मी सगळं शिकलो.' असं तीन पानं वाचलं मी, दादा. घाम फुटला मला. तुझ्यापेक्षा बरं लिहिलं मी त्या दिवशी."

आईने हातातलं केळं ताटात ठेवलं. "म्हणून," ती हळूच म्हणाली, "ते पुस्तक त्यांनी देवांपुढे ठेवलं होतं. लाल कापडात गुंडाळून. दर सणाला पहिला घोट त्याला पाजायचे. म्हणायचे, ह्यात माझं नाव आहे."

ओरेस्तला काहीतरी बोलायचं होतं. माहीतगारांची नावं गुप्त ठेवण्याची एक शास्त्रीय पद्धत असते, असं ते काहीतरी होतं. ते बरोबरही होतं. फक्त बाकीच्या सहाही माहीतगारांची नावं त्याने पूर्ण छापली होती, गावासकट.

"मी आईबरोबर," व्हेलिना म्हणाली. "दौरा गेला खड्ड्यात."

आई मात्र चिडली नाही, आणि ते जास्त जड गेलं. ती टेबलावर पुढे झुकली. "तिरेस, तुझी परवानगी मला नकोच आहे. एकच काम आहे तुझं. बाबा पाण्यातून येतील, एकेकाला हाक मारतील. ज्याला मारली त्यानेच ओ द्यायची, दुसऱ्या कोणी दिलेली चालत नाही. तीन हाकांत ओ आली नाही तर आपल्या घराण्याची रीत काय आहे, माहीत आहे ना?"

"मेलेला परत पाण्यात जातो," ओरेस्त म्हणाला. "कायमचा. पृष्ठ दोनशे चौदा."

"मग झालं तर. तुला हाक मारल्याशिवाय ते मडक्यात बसणार नाहीत. मोठा आहेस तू."

"आई, माझ्या शेजारी उपमंत्री बसलेले असणार!"

"मग त्यांनाही सांग, वडील आलेत म्हणून."

ओरेस्त उठला. दिवाणखान्यात टेलिफोन होता, आणि रंगमंचाच्या व्यवस्थापकाला एक वाक्य सांगितलं की तिसरा प्रवेश रद्द होत होता. त्याने रिसीव्हर उचलला. सोनेरी चौकटीतली मांबो वरून बघत होती. तेवढ्यात मागून आलेल्या एरमांसने फोनच्या खटक्यावर बोट ठेवलं.

"तू मध्ये पडू नकोस," ओरेस्त म्हणाला. "तुला तर हे सगळं कधीच आवडलं नाही."

"अजूनही आवडत नाही," एरमांस म्हणाली. "चारचौघांत मी कायम हेच म्हणणार. पण आपला ल्युसियँ दीड वर्षाचा असताना तापाने फणफणला होता, आठवतंय? डॉक्टरांनी हात टेकले होते. तो बरा कसा झाला?"

"त्या नव्या औषधाने."

"बंद मोटारीतून, तोंडावर जाळी ओढून लेओगानला नेला मी त्याला. तुझ्या बाबांनी तीन दिवस, तीन रात्री मांडीवर घेतला होता. झोपले नाहीत, जेवले नाहीत. मला म्हणाले, सूनबाई, तिरेसला सांगू नका, त्याला अवघडल्यासारखं होईल. तू तेव्हा परिषदेला गेला होतास. कशावर बोललास रे तिथे?"

ओरेस्तने रिसीव्हर दुसऱ्या हातात घेतला. तो 'वूडू आणि वैद्यकशास्त्र: एका गैरसमजाचा अंत' ह्या विषयावर बोलला होता.

"ठेव तो फोन," एरमांस म्हणाली, आणि लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर प्रथमच सासूला वाढायला आत गेली.

चार वाजता नाट्यगृह भरलेलं होतं. ऊन कलतं होतं, समुद्रावरून वारा येत होता आणि पहिल्या रांगेतल्या बायकांच्या टोप्या सांभाळायला त्यांचे नवरे कमी पडत होते. उपमंत्री गोल चेहऱ्याचे, हसतमुख गृहस्थ होते. त्यांच्या एका बाजूला त्यांची पत्नी होती, दुसऱ्या बाजूला ओरेस्त.

पहिल्या प्रवेशात व्हेलिनाच्या अंगात समुद्राची देवी आली. म्हणजे यायची होती. जिच्या अंगात यायचं ती विंगेतल्या घड्याळाकडे बघत होती, कारण देवीला चार वाजून नऊ मिनिटांची वेळ दिली होती. देवी वेळेवर आली, दोन गिरक्या घेऊन गेली. उपमंत्र्यांनी टाळ्या वाजवल्या.

"खरंच येतं का हो अंगात, प्रोफेसर?"

"मज्जासंस्थेची एक लयबद्ध अवस्था असते," ओरेस्तने नेहमीचं सांगितलं. "ह्या लोकांना मात्र ते देवच वाटतात."

'ह्या लोकांना' हे शब्द तो रोज वापरायचा. आज ते त्याचे त्यालाच ऐकू आले.

मग दुसरा प्रवेश संपून तिसरा सुरू झाला. रंगमंचाच्या मध्ये पाण्याचा टब ठेवला गेला, त्याच्याभोवती पांढऱ्या चादरींचा तंबू उभा राहिला. पांढऱ्या कपड्यांतल्या बायका अनवाणी आल्या. दोर्सेली मोठ्या ढोलाशी बसला आणि वाजवण्यापूर्वी त्याने खिशातली बाटली काढून ढोलाच्या तोंडावर ओतली. नोंदणीकृत वस्तूवर, उपमंत्र्यांदेखत.

"तपशील बघा!" उपमंत्री कुजबुजले. "वा!"

आई आली. तिने कोणाकडेही पाहिलं नाही. हातातलं मडकं छातीशी धरून ती तंबूत शिरली. खुळखुळा वाजला, ढोल वाजला, आणि बराच वेळ दुसरं काहीच झालं नाही. व्यवस्थापक विंगेतून घड्याळ दाखवत होता. मग आतून कोणीतरी खाकरलं. खूप वेळ खाकरलं.

"दोर्सेली," आवाज आला. तो घोगरा होता, नाकातला, तोंडात पाणी असल्यासारखा.

"ओ, बाबा!"

"रम कुठून आणलीस?"

"कोपऱ्यावरच्या दुकानातून, बाबा."

"पाणी घातलंय तिच्यात. एवढे दिवस पाण्यात राहून आलोय, मला कळतं."

प्रेक्षक खो खो हसले. आपल्या संवादांपैकी एकही वाक्य बोललं जात नाही हे ओरेस्तच्या लक्षात आलं, आणि लेखक म्हणून त्याला तशाही स्थितीत थोडं वाईट वाटलं.

"व्हेलिना."

"ओ." ती गुडघ्यावर बसली होती. "ओ, बाबा."

"पुस्तक तू वाचून दाखवलंस ना मला, ते खोटं होतं. मला तेव्हाच कळलं होतं. तू खोटं बोलताना पान उलटायची विसरलीस."

व्हेलिना रडायला लागली. ती नाटकातलं रडत नव्हती. नाक वाहत होतं. ओरेस्तमधल्या संशोधकाने लगेच नोंद घेतली: ही माहिती मांबोला आज दुपारी दीडच्या सुमारास मिळालेली आहे. आवाज घशाच्या मागच्या भागातून काढलेला आहे. वाक्याच्या शेवटी श्वास तुटतो, तो सिलियाना बेलिझेर हिचा जुना दमा आहे. सगळं स्पष्ट होतं. आवाज आईचाच होता, ह्यात त्याला शंका नव्हती. पण बहीण पान उलटायची विसरली, हे आईला कोणी सांगितलं होतं?

"तिरेस."

ढोल थांबला होता. प्रेक्षकांत कोणीही मान वळवली नाही. प्रोफेसर ओरेस्त बेलिझेर ह्यांना कोणी तिरेस म्हणतं हे ह्या हजार माणसांत कोणालाही ठाऊक नव्हतं. म्हणजे तो सुटला होता. नुसतं बसून राहायचं होतं. कोणी बोट दाखवणार नव्हतं, खुर्ची जाणार नव्हती, दौरा रद्द होणार नव्हता. चार माणसांना कळलं असतं, आणि ती चार माणसं कुठल्याही समितीवर नव्हती.

"हा तिरेस कोण?" उपमंत्र्यांनी विचारलं.

"आहे एक," ओरेस्त म्हणाला. "गोष्टीतला."

"तिरेस," आवाज पुन्हा आला. ह्या वेळी जरा हळू, जरा लांबून. बाबा अंगणाच्या टोकाला उभे राहून संध्याकाळी असेच हाक मारायचे. पहिली हाक जोरात, दुसरी हळू, कारण दुसऱ्या हाकेपर्यंत त्यांना वाटायचं की पोरगं उगाच घाबरेल. आईची हाक अशी नसायची. आईची दुसरी हाक सगळ्या गावाला ऐकू जायची.

तीन खुर्च्या पलीकडे एरमांस बसली होती. तिने हातमोजा काढला, परत घातला. रंगमंचावर दोर्सेलीने ढोलावर कपाळ टेकवलं होतं. तंबूतून पाणी हलल्याचा आवाज आला. पृष्ठ दोनशे चौदा, तळटीप तीन: तिसऱ्या हाकेनंतर पाणी शांत होते.

ओरेस्तला एकदम भयंकर थंडी वाजली. त्या उन्हात, लोकरीच्या सुटात.

"तिरेस," आवाज आला. आता तो जवळजवळ ऐकूच येत नव्हता.

"ओ!" ओरेस्त ओरडला. तो कधी उभा राहिला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. "ओ, बाबा! आलो!"

हजार माणसांनी माना वळवल्या, आणि दुसऱ्याच क्षणी टाळ्यांचा कडकडाट झाला. प्रेक्षकांत पात्र बसवलं होतं! पहिल्या रांगेत! असली कल्पक मांडणी पोर्तोप्रँसने पाहिली नव्हती. ओरेस्त खाली बसून बूट काढत होता. एका बुटाची गाठ सुटेना, तेव्हा त्याने नाडी तोडली. मग तो पायऱ्या चढून गेला आणि चादरीसमोर गुडघे टेकले.

"कुठे होतास?"

"इथेच होतो, बाबा. पहिल्या रांगेत."

"हाक ऐकू आली नाही?"

"आली. पहिलीच ऐकू आली."

आत पाणी हललं. "बरं," बाबा म्हणाले. "चल आता. गारठलोय मी."

चादर बाजूला झाली. आई नखशिखांत भिजली होती आणि धापा टाकत होती. तिने पांढऱ्या फडक्यात बांधलेलं मडकं त्याच्या हातात दिलं. त्याने ते छातीशी धरलं आणि तो सगळ्यांसमोर ओक्साबोक्शी रडला. टाळ्या थांबेनात. बारा मिनिटांचा प्रवेश सव्वीस मिनिटं चालला होता.

उपमंत्री स्वतः रंगमंचावर आले. त्यांच्या मागे त्यांची पत्नी, दोन परदेशी पाहुणे आणि छायाचित्रकार. त्यांनी व्हेलिनाला दौऱ्याबद्दल काहीतरी चांगलं सांगितलं, आईच्या ओल्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाले, "आजीबाई, तुम्ही छान केलंत. फक्त मेलेल्याचा आवाज जरा बायकी वाटला. पण प्रोफेसर, तुम्ही! तुम्ही नटही आहात हे आम्हाला सांगितलं नाहीत कधी! अश्रूसुद्धा खरे! हे मडकं आता संग्रहालयात ठेवा बरं का, काचेत."

"नाही, साहेब," ओरेस्त म्हणाला. "हे माझे वडील आहेत."

उपमंत्र्यांना हसू आवरेना. पाहुणे हसले, पत्नीने पंख्याआड तोंड लपवलं, छायाचित्रकारही हसला. उपमंत्र्यांनी हात पुढे केला, मडक्याच्या पोटाला हलकेच लावला आणि वाकून म्हणाले, "भेटून आनंद झाला, महाराज!" पुन्हा हशा पिकला. इथेही ओरेस्तला नुसतं हसायचं होतं. उपमंत्र्यांनी वाट करून दिली होती, चांगली रुंद.

"मेरिझ्ये बेलिझेर," ओरेस्त म्हणाला. नाक वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. "लेओगानचे. मी त्यांचा मोठा मुलगा. ही सिलियाना, माझी आई. ढोलावर आहे तो माझा भाऊ, आणि ही माझी बहीण. आम्ही इथे खेळ केला नाही, साहेब. आम्ही बाबांना न्यायला आलो होतो."

ह्या वेळी कोणी हसलं नाही. उपमंत्र्यांनी हात मागे घेतला, त्याकडे पाहिलं आणि खिशातून रुमाल काढून एकेक बोट पुसलं. छायाचित्रकाराने कॅमेरा खाली केला. एरमांस पायऱ्या चढून वर आली होती. तिने आपली रेशमी शाल काढली आणि सासूच्या ओल्या अंगावर घातली.

"ऊन आहे तोवर निघू," आई म्हणाली. "त्यांना वारा लागायला नको."

ओरेस्तने मडकं कोटाच्या आत घेतलं, वरून बटण लावलं आणि तो अनवाणीच आईच्या मागे चालायला लागला.